वितीपेक्षा मोठं

ग्वालेग्वाय नदी सकाळी सातला
दूध जास्त पडलेल्या चहासारखी.
रात्री बहिणीला दवाखान्यात सोडलं
आणि तिची दोन माझ्या ट्रकमध्ये चढली:
नासारेनो, वय सहा, दोन्ही बुटांसकट,
इरुपे, साडेतीन, एकाच बुटात.
माझं टायरचं दुकान आहे.
पंक्चर काढता येतं मला, पोरं रमवता येत नाहीत.
म्हणून नदी.

वेळूच्या दोन काठ्या, बाटलीच्या बुचांची तरंडं,
घरूनच मळून आणलेली कणीक.
मोहारांना तेवढी पुरते.
करंगळीएवढे मासे ते, एन्त्रे रीओसमधलं
प्रत्येक पोर त्यांच्यावरच हात साफ करतं.
निम्मं आमिष इरुपेनं खाल्लं.
मीठ कमी आहे, म्हणाली.

गप्प बसा, नदीला आवाज आवडत नाही,
मी म्हटलं. बापाचं वाक्य,
विचारल्याशिवाय माझ्या तोंडातून बाहेर आलं.
"नदीला कान कुठे असतात?" नासारेनो.
यावर बापाने एक ठेवून दिली असती.
मी म्हटलं, शोध.
तो शोधत बसला,
म्हणजे गप्प बसला.

बूच बुडालं.
ओढ, म्हटल्यावर त्याने असं ओढलं
की मासा डोक्यावरून मागच्या झुडपात गेला,
आणि आम्ही तिघं
गवतात चांदीचा चमचा हरवल्यासारखे रांगत सुटलो.
सापडला. त्याने स्वतःच्या हाताची वीत लावली.
वितीपेक्षा लहान ते परत सोडायचं,
हा नियम मी तिथल्या तिथे केला होता,
म्हणजे घरी जाऊन काही साफ करायला नको.
मोहारा त्याच्या वितीत दोनदा मावला असता.
सोडला.
असे सात सोडले.

आठव्या वेळी गळ माशाऐवजी
माझ्या अंगठ्यात.
मी जे ओरडले ते इथे लिहीत नाही.
इरुपेनं ते लगेच पाठ केलं
आणि पलीकडच्या काठाला दोनदा ऐकवलं.

ट्रकमधून पक्कड आणली.
उलटा दात असतो गळाला, मागे ओढला तर मांस घेऊन येतो;
तो पुढे ढकलायचा, कातडीबाहेर काढायचा, तोडायचा.
नासारेनो सगळं बघत होता. रडला नाही.
माझा अंगठा फडक्यात गुंडाळून होईपर्यंत थांबला,
मग आपली काठी पुढे केली.
"याचापण दात काढ."

मी त्याच्या गळावर पक्कड दाबली.
कट्.
तो आवाज मला माहीत होता.

पहाट, बापाची पाठ, होडीच्या कडेला टेकलेला त्याचा गुडघा,
माझी काठी माझ्या हाती देण्याआधी नेहमी एक कट्.
भावाच्या काठीला नाही.
भावाचे मासे टोपलीत, माझे अर्ध्या वाटेत सुटलेले,
आणि जेवताना सगळे हसायचे,
तोही हसायचा.
दहाव्या वर्षी मी काठी मोडून चुलीत घातली.
त्याने ती माशांसाठी केली ती खटपट
की माझ्या बोटांसाठी,
की मुलीच्या हाती धार नको म्हणून,
विचारायला आता कुणी नाही.
पाठीवरून कळत नाही.

नववा मासा वरपर्यंत आला,
हवेत एकदा वळला आणि आपणहून गेला.
"सुटला!" नासारेनो ओरडला,
जिंकल्यासारखा.

दुपारी परतताना इरुपे सीटवर झोपली,
मुठीत कणीक, कणकेवर तिच्या बोटांचे ठसे.
फोन वाजला. मेव्हण्याचा.
भाऊ झाला तुम्हाला, मी मागे वळून सांगितलं,
तीन किलो दोनशे, दोघं बरी आहेत.

नासारेनोनं खिडकीच्या काचेवर वीत पसरली,
अंगठा इथे, करंगळी तिथे,
बराच वेळ बघत राहिला.
"याच्यापेक्षा मोठा आहे ना?"
हो, म्हटलं.
"नक्की?"
पुढे कच्चा रस्ता संपत होता.
नक्की.
"मग ठेवायला हरकत नाही."